पाय ठेवायचा की काढायचा: डॉक्टर सही मागतात तेव्हा काय बघायचं, काय विचारायचं

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हाडांच्या वॉर्डात काम करते, त्यामुळे ऑपरेशनपेक्षा ऑपरेशननंतरची वर्षं मला जास्त दिसतात. हे लिहितेय ते नातेवाइकांसाठी. म्हणजे ज्यांचा माणूस ट्रकखाली, मळणी यंत्रात नाहीतर रेल्वेखाली सापडलाय, आणि ओटीबाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांना कोणीतरी येऊन सांगतंय की पायाचं अवघड आहे, एक तर काढावा लागेल नाहीतर वाचवायचा प्रयत्न करू पण गॅरंटी नाही, काय ते ठरवा. त्या वेळी बहुतेक घरचे एकच बोलतात, "डॉक्टर, काय वाट्टेल ते करा पण पाय वाचवा." कोणीही तेच बोलेल. पण पाय अंगाला राहणं वेगळं आणि त्या पायावर उभं राहून काम करता येणं वेगळं, आणि डॉक्टरांना विचारायचं ते दुसऱ्याबद्दल. "पाय वाचेल का" ह्याच्याऐवजी "दोन वर्षांनी हा माणूस कसा चालत असेल, दुखत किती असेल, त्याचं काम त्याला जमेल का" असं विचारलं की डॉक्टरपण मोकळेपणाने बोलायला लागतात, हे मी खूप वेळा बघितलंय.

आधी बघा, तुमच्या हातात निर्णय आहे का

कधीकधी चॉइस नसतोच, आणि अशा वेळी वेळ घालवला तर माणूस जातो. रक्तस्राव थांबत नाहीये, बीपी लागत नाहीये, आणि पाय वाचवायला सहा-आठ तासांचं ऑपरेशन लागणार आहे, तर ते ऑपरेशन पेशंटला झेपणार नाही, तिथे जीव आधी. दुसरं म्हणजे रक्तपुरवठा तुटून किती वेळ झाला. स्नायूंना रक्त नाही मिळालं तर साधारण सहा तासांनंतर ते मरायला लागतात, आणि मेलेल्या स्नायूंत रक्त परत सुरू केलं तर त्यातला कचरा आणि पोटॅशियम अंगभर पसरतं, किडनी बसते, हृदय बंद पडू शकतं. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला आणि तिथून पुढे मोठ्या शहरात असं फिरत रात्र गेली असेल आणि मग डॉक्टर म्हणाले की आता उशीर झालाय, तर ते टाळाटाळ करत नाहीयेत. अपघात नक्की किती वाजता झाला आणि पाय गार कधीपासून आहे हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या, सगळ्यात उपयोगी कागद तोच ठरतो.

उलट बाजूला असेही पेशंट असतात की जखम बघून भोवळ येईल, हाड बाहेर आलेलं, चामडी सोललेली, पण खाली पावलात रक्त चांगलं चाललंय. बघणाऱ्याला वाटतं संपलं सगळं, पण असे पाय भरपूर वाचतात आणि चांगले चालतात. त्यामुळे जखमेचा फोटो बघून गावातल्या कुणी काही सांगितलं तर त्यावर ठरवू नका.

खरी पंचाईत मधल्यांची. हाडाचे तुकडे झालेत, काही तुकडे रस्त्यावरच राहिलेत, नस फाटलीय, वरचं मांस-चामडी गेलीय, पण प्रयत्न केला तर जमूही शकतं. पुढचं सगळं ह्या मधल्यांसाठी आहे.

डॉक्टर कशावरून ठरवतात

डॉक्टर आपापसात "ग्रेड थ्री बी", "थ्री सी" असं बोलताना ऐकू येईल. उघड्या फ्रॅक्चरची ती प्रतवारी आहे. थ्री ए मध्ये हाड झाकायला स्वतःचं मांस उरलेलं असतं, थ्री बी म्हणजे उरलेलं नाही, दुसरीकडून फ्लॅप, म्हणजे मांस-चामडीचा तुकडा, आणून लावावा लागणार, आणि थ्री सी म्हणजे मोठी रक्तवाहिनी तुटलीय, ती जोडल्याशिवाय पाय जगणार नाही. तुमचा कुठला ते सरळ विचारा.

मग स्कोअर असतात. मेस नावाचा एक जुना स्कोअर आहे, 1990 चा, त्यात हाडामांसाचं नुकसान, रक्त किती वेळ बंद होतं, बीपी आणि वय ह्याचे मार्क धरतात आणि सात किंवा वर गेलं तर पाय काढण्याकडे कल. पण नंतर मोठ्या अभ्यासात तपासलं तेव्हा दिसलं की स्कोअर कमी असेल तर पाय वाचणार ह्यावर भरवसा ठेवता येतो, पण स्कोअर जास्त आला म्हणजे काढायलाच पाहिजे असं म्हणता येत नाही. आपल्याकडच्या जखमांसाठी मला कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचा स्कोअर जास्त पटतो, डॉ. राजशेखरन आणि त्यांच्या टीमने 2006 मध्ये मांडलेला. त्यात चामडी, हाड आणि स्नायू-नसा ह्यांचे एक ते पाच असे वेगवेगळे मार्क, वर शुगर, वय, उशिरा पोचणं, जखमेत शेण-माती जाणं असल्या गोष्टींचे दोन-दोन. एकूण 14 किंवा खाली असेल तर वाचवायचं, 17 किंवा वर असेल तर काढायचं, आणि 15-16 ला अनुभवी डॉक्टरांनी बसून विचार करायचा. हा स्कोअर रक्तवाहिनी शाबूत असलेल्या पायांसाठी आहे हे लक्षात ठेवा, थ्री सी ला तो लावत नाहीत. एवढं पाठ करायची गरज नाही, "स्कोअर किती आला, तुम्ही कुठला वापरला" एवढं विचारलं तरी पुरे, उत्तर मिळतं आणि चर्चा आकड्यांवर येते.

एक जुना समज अजून ऐकू येतो, की तळपायाला काही समजत नसेल तर पाय ठेवून उपयोग नाही. अमेरिकेतल्या लीप अभ्यासात हे तपासलं गेलं, सुरुवातीला तळवा बधिर असलेल्या आणि पाय वाचवलेल्या निम्म्याहून जास्त पेशंटची संवेदना दोन वर्षांत परत आली होती. संवेदना नेणारी नस बऱ्याच वेळा दबलेली किंवा ताणलेली असते, तुटलेली नसते. त्यामुळे फक्त ह्याच कारणावर पाय काढायला सांगत असतील तर "नस तुटलेली डोळ्यांनी दिसली का" हे जरूर विचारा.

त्याच लीप अभ्यासाची मुख्य गोष्ट सांगते, कारण माझ्या मते ती प्रत्येक नातेवाइकाला माहीत हवी. आठ ट्रॉमा सेंटरमधले पायाला भयंकर मार लागलेले 569 पेशंट, काहींचा पाय काढला, काहींचा वाचवला, आणि दोन वर्षांनी बघितलं तर दोन्ही गटांचं रोजचं जगणं जवळपास सारखंच होतं. कामावर परत गेलेले दोन्हीकडे साधारण निम्मेच. फरक होता तो वाटेत, पाय वाचवलेल्यांना पुन्हा पुन्हा ॲडमिट व्हावं लागण्याचं प्रमाण जास्त, जवळपास निम्म्यांना, तर पाय काढलेल्यांत साधारण एक तृतीयांश. आणि कोण चांगला सावरला हे ठरवणाऱ्या गोष्टी होत्या शिक्षण, पैसा, घरचा आधार, सिगारेट, आणि आपण हे करू शकतो हा पेशंटचा स्वतःवरचा विश्वास. म्हणजे तुम्ही बाकावर बसून जो निर्णय घेताय त्याच्याइतकाच, कदाचित जास्तच, फरक पुढे घर कसं उभं राहतं ह्याने पडतो. दोन्हीपैकी कुठलाही घेतला तरी तुम्ही त्याचं वाटोळं केलं असं होत नाही, हे मनाशी धरूनच बोलायला बसा.

वाचवायचं ठरलं तर नेमकं काय काय होतं

हे लोकांना आधी कोणी नीट सांगत नाही. पहिल्या दिवशी जखम धुतात, मेलेलं काढतात, बाहेरून फिक्सेटर, म्हणजे हाड धरून ठेवणारी सळ्यांची चौकट, लावतात. दोन दिवसांनी परत ओटीत नेऊन धुतात, कधी तिसऱ्यांदा. मग प्लास्टिक सर्जन मांडीचं किंवा पाठीचं मांस आणून फ्लॅप लावतात, हे जितकं लवकर तितकं बरं, पहिल्या आठवड्यातच झालं तर पस व्हायची शक्यता कमी. म्हणून पहिला प्रश्न हा की ह्या हॉस्पिटलला प्लास्टिक सर्जन आहे का, आणि रक्तवाहिनी तुटली असेल तर ती जोडणारा आहे का. नसेल तर लगेच हलवा. तीन आठवडे नुसत्या ड्रेसिंगवर पडून राहून मग हाड काळं पडल्यावर पुढे पाठवलेले पेशंट बघितले की जीव तुटतो, कारण पहिल्या दिवशी तो पाय वाचण्यासारखा असतो.

त्यानंतर हाडाची गॅप. पाच-सहा सेंटीमीटर हाड गेलं असेल तर इलिझारोव्ह रिंग लावतात, म्हणजे पायाभोवती कड्या, तारांनी हाडाला जोडलेल्या. वर चांगल्या हाडाला एक काप देतात आणि मधला तुकडा हळूहळू खाली सरकवतात, मागे नवीन हाड तयार होत जातं. दिवसाला एक मिलिमीटर, तेही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर करून दिवसातून चार वेळा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा, घरातलं कोणीतरी छोटा पाना घेऊन नट पाव फेरा फिरवतंय आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिकमार्क करतंय. जवळपास प्रत्येक घरी हे काम बायको नाहीतर आई करते. तुकडा पोचल्यावरही नवीन हाड टणक व्हायला वेळ लागतो, ढोबळ हिशेब एका सेंटीमीटरला महिना-दीड महिना रिंग पायात. म्हणजे सहा सेंटीमीटरला सहा ते नऊ महिने, आणि मध्ये तारेच्या भोकांतून पाणी येणं, ताप येणं, घोटा आखडणं हे होणारच आहे असं धरून चाला. ह्या काळात पेशंट घरी लागतो, कमावत नाही, आणि सांभाळणारापण अर्धा कमवायचा बंद होतो. हा खर्च हॉस्पिटलच्या बिलात दिसत नाही.

तंबाखू-सिगारेटचं इथेच सांगते. लीपच्याच पेशंटमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड जुळण्याचं प्रमाण कमी होतं, पस दुपटीहून जास्त. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे तंबाखू चघळणं आणि मिश्रीसुद्धा बंद. पाय वाचवायचा असेल आणि तोंडातली पुडी सुटणार नसेल तर डॉक्टरांना खरं सांगा, लपवू नका, कारण त्यावरून फ्लॅप टिकणार की नाही हे बदलतं.

आणि वाचवायला सुरुवात करतानाच डॉक्टरांशी बसून ठरवा की कुठे थांबायचं. मी हे प्रत्येकाला सांगते. उदाहरणार्थ, फ्लॅप गेला आणि दुसरा शक्य नाही, किंवा सहा महिन्यांनी हाडात पस आहेच आणि जुळायची खूण नाही, तर पुढची ऑपरेशनं करत बसायचं की पाय काढायचा विचार करायचा, हे आधीच बोलून ठेवायचं. हे नाही केलं तर काय होतं, तर आता एवढं केलंय अजून एक करून बघू, अजून एक करून बघू, असं करत वर्षं जातात, एकर विकला जातो, आणि शेवटी पाय जातोच पण तोपर्यंत माणूस खचलेला असतो आणि गुडघा आखडलेला असतो. उशिरा पाय काढलेले काही जण मला स्वतःहून म्हणालेत की आता दुखणं गेलं, हे आधीच करायला हवं होतं. सगळे असं म्हणत नाहीत, पण म्हणणारे बरेच आहेत.

काढायचं ठरलं तर

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, गुडघा राहतोय का. गुडघ्याखाली काढला तर चालताना साधारण पाव पट जास्त दम लागतो, गुडघ्याच्या वर काढला तर साठ-सत्तर टक्के जास्त. गुडघा स्वतःचा असला की जिना, उतार, बसमधे चढणं, खाली बसून उठणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे कधीकधी वाचवायच्या हट्टात इन्फेक्शन वर चढून गुडघाच जातो, हा धोका डॉक्टरांना विचारून घ्या: "आत्ता काढला तर गुडघा राहील, नंतर काढावा लागला तरी राहील का?" ह्या एका उत्तरावर कितीतरी घरांचा निर्णय फिरतो.

नकली पायाबद्दल लोकांची दोन टोकं असतात, एक म्हणजे आयुष्य संपलं, दुसरं म्हणजे व्हिडिओत पळणारा माणूस बघून तसंच होणार. खरं मधे आहे. जखम भरली, सूज उतरली की साधारण दीड-दोन महिन्यांनी पहिला पाय बसतो, स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, बारीक होत जातो म्हणून पहिल्या वर्षात सॉकेट, म्हणजे तो ज्यात बसतो ती खोबण, बदलावं लागतं, आणि पुढेही दर काही वर्षांनी नवीन पाय लागतो, आयुष्यभर. शेतात जाणाऱ्याला, अनवाणी चालणाऱ्याला, मांडी घालून बसणाऱ्याला जयपूर फूट अजूनही चांगला, तो बनलाच त्यासाठी, 1968 च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा ह्या कारागिराने आणि डॉ. पी. के. सेठींनी केलेला, चिखलात चालतो, उकिडवं बसता येतं. महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत देते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, पुण्यात साधू वासवानी मिशन मोफत पाय देतं, लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटरपण पुण्यातच. पाय काढायच्या आधीच इथे कोणाला तरी फोन करा किंवा जाऊन या, जमलं तर नकली पाय वापरणाऱ्या माणसाशी आणि रिंग लावून पाय वाचवलेल्या माणसाशी, दोघांशी बोला. एकालाच भेटून ठरवू नका.

काढल्यानंतर "नसलेला पाय दुखतोय" असं पेशंट म्हणेल, अंगठ्याला मुंग्या येतायत म्हणेल. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. तसं काही नाही, नसा आणि मेंदूत त्या पायाची जागा अजून शाबूत असते, त्याला गोळ्या आहेत, आरशासमोरचे व्यायाम आहेत, बऱ्याच जणांचं महिन्यांत कमी होतं. आणि गुडघ्याखाली काढला असेल तर स्टंपच्या खाली उशी ठेवू नका. आई मायेने उशी देते, पेशंटलाही बरं वाटतं, आणि तीन आठवड्यांत गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो, मग नकली पाय बसतच नाही. दिवसातून थोडा वेळ पालथं झोपवा, गुडघा सरळ ठेवा.

कोणी ठरवायचं

पेशंट शुद्धीवर असेल तर पेशंटने. "त्याला सांगू नका, तो खचेल" असं म्हणून भाऊ आणि सासरे बाहेर सही करतात आणि माणूस भुलीतून उठतो तो पाय नसताना, हे फार वाईट आहे, त्याचा राग पुढे वर्षानुवर्षं घरात राहतो. त्याला नीट सांगा, डॉक्टरांना त्याच्यासमोर बोलायला लावा. तो काय काम करतो हे डॉक्टरांना तुम्ही सांगा, कारण ऊसतोडीला जाणारा, रिक्षा चालवणारा आणि टेबलावर बसून काम करणारा ह्यांचं उत्तर एक नसू शकतं. जीव धोक्यात नसेल तर एक-दोन दिवस मागा, पुष्कळदा डॉक्टर स्वतःच म्हणतात की धुऊन ठेवू आणि 48 तासांनी परत बघून ठरवू, ही चांगली पद्धत आहे. तेवढ्यात एक्स-रे आणि जखमेचे फोटो दुसऱ्या ऑर्थो सर्जनला दाखवून मत घ्या. काढायचंच ठरलं तर दोन सीनियर डॉक्टरांचं मत केसपेपरवर लिहिलेलं असावं, असं मागण्यात गैर काही नाही.

लहान मुलांत आणि हाताच्या बाबतीत कल वाचवण्याकडे जास्त असतो. मुलांची हाडं जुळतात, नसा परत येतात. आणि हाताचं असं की नकली हाताला स्पर्श समजत नाही, त्यामुळे थोडी पकड आणि थोडी संवेदना असलेला वाकडातिकडा हातसुद्धा बऱ्याचदा नकली हातापेक्षा कामाचा असतो. हात किंवा बोट पूर्ण तुटलं असेल तर तो तुकडा स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर नाही, पाण्यात बुडवून तर अजिबात नाही.

पैसे आणि कागद

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, ॲडमिट झाल्या दिवशीच गाठा, डिस्चार्जच्या वेळी नाही. रस्ता अपघात असेल तर केंद्राच्या 2025 च्या कॅशलेस योजनेत पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत उपचार होतात, पोलिसांत नोंद लागते. धर्मादाय हॉस्पिटलला दहा टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवाव्याच लागतात, तिथल्या समाजसेवकाला रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला दाखवा. मोटार अपघाताचा क्लेम सहा महिन्यांच्या आत दाखल करा.

क्लेमवरून एक घाणेरडा सल्ला फिरतो, की पाय काढला तर भरपाई जास्त मिळेल. त्यावर पायाचा निर्णय करू नका. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार ह्या केसमध्ये स्पष्ट केलंय की नुसता अपंगत्वाचा टक्का बघायचा नाही, त्या माणसाच्या कामावर आणि कमाईवर किती परिणाम झाला ते बघायचं. वाचलेल्या पण कामाला न येणाऱ्या पायालाही भरपाई मिळते. त्यासाठी प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक एक्स-रे, ड्रेसिंगची बिलं, गाडीभाड्याच्या पावत्या आणि जखमेचे तारखेसकट फोटो एका फाइलीत ठेवा, आणि मूळ कागद वकिलाला देताना झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) उपचार संपत आले की काढायचं, 40 टक्क्यांपासून पुढे बऱ्याच सवलती लागू होतात.